बनुबाईच्या वतीनं

आमच्या गावात सत्काराला माणसं कधी कमी पडली नाहीत. मैदान आखायला ज्यानं एकदा दोरी दिली त्याचा सत्कार. ज्याच्या बैलगाडीतून कर्णा आणला त्याचा सत्कार. आणि कर्णा आमच्या दारात लावायचा नाही म्हणून ज्यानं महिनाभर भांडण धरलं त्याचाही सत्कार, का तर तो अखेर भांडायचा थांबला. फेटा बांधायचा, शाल घालायची, हातात नारळ द्यायचा, की झाला माणूस थोर. म्हणून बनुबाईच्या सत्काराचं निघालं तेव्हा मला वाटलं, यात अडण्यासारखं काय आहे? इतकी वर्षं न करणाऱ्यांचे सत्कार झाले, आता एक करणारी आली, एवढंच.

सत्कार करायचा होता नवयुवक क्रीडा मंडळानं. गाव आमचं नेवाशाजवळचं, प्रवरेच्या काठाचं. माझे यजमान राधाकृष्ण शाळेत मास्तर आणि मंडळाचे चिटणीस. सगळं गाव त्यांना मास्तर म्हणतं, मीही म्हणते. पोरांची कबड्डी मंडळात पहिल्यापासून होती. पोरींचा खो-खो मास्तरांनी मागाहून सुरू केला, आणि तो सुरू झाला तसाच बंद पडायला आला. शाळेच्या आवारात पोरी पळाल्या तर कुणाची ना नव्हती. पण सामने असतात परगावी. एसटीनं जायचं, कुठल्यातरी शाळेत मुक्काम करायचा. पोरींचे बाप मास्तरांना म्हणाले, "तुमी देवमानूस हाय मास्तर, पर पोरी न्हाई धाडायच्या."

तेव्हा बनुबाई पुढं झाली. तिचा नवरा ऐन तारुण्यात गेलेला, पोटी मूल नाही, राहायची दिराच्या घरात. पहाटेपासून धारा, शेण, चूल आणि भरल्या घराच्या भाकरी, यापलीकडे तिला कुणी काही विचारत नव्हतं. ती आपण होऊन आमच्या ओसरीवर आली आणि उभ्या उभ्या म्हणाली, "मास्तर, मी जाते पोरींसंगं. सांगा त्यांच्या बापास्नी, बनुबाई संगं हाय म्हनून."

बापांनी ऐकलं. बनुबाईच्या नजरेला गावातले टगेसुद्धा वचकून असत. तिच्यावर पोरगी सोपवायची म्हणजे तिजोरीत ठेवल्यासारखं होतं.

तेव्हापासून संघ जिथं गेला तिथं बनुबाई गेली. भाकरीचं गाठोडं डोक्यावर, एका हातात पोरींच्या कपड्यांची वळकटी. मुक्कामाला पोरी खोलीत झोपायच्या आणि ही उंबऱ्यात आडवी व्हायची. कोपरगावला ऐन सामन्याच्या सकाळी एका पोरीला पहिल्यांदा पाळी आली. पोरगी मरतेय की काय अशी भेदरून रडायला लागली. मास्तर बिचारे बाहेर घड्याळाकडं बघत होते. बनुबाईनं अंगावरच्या लुगड्याचं धडपं फाडलं, पोरीला जवळ घेऊन सगळं समजावलं, आणि ती पोरगी त्या दिवशी खेळली. आणि बायडा, आमच्या संघातली सगळ्यांत चपळ पोरगी. तिचे आईबाप दसरा झाला की ऊसतोडीला जायचे आणि पोरीलाही न्यायचे. बनुबाईनं त्यांना सांगितलं, पोरगी माझ्याजवळ ठेवा. दिराच्या घरात एक तोंड वाढलं म्हणून जे ऐकून घ्यावं लागलं ते तिनं ऐकून घेतलं, आणि बायडाच्या वाट्याची कामं स्वतः करून तिला मैदानावर पाठवली. मी फक्त संघाच्या चड्ड्या शिवल्या. बापांनी भांडू नये म्हणून गुडघ्याच्या खाली येणाऱ्या, आणि पोरींना पळता यावं म्हणून घेरदार. पण ते शिवणकाम झालं, मी काही घरदार पणाला लावलं नाही.

सासू होती तोवर बनुबाईला तिचा आधार होता. सासू गेली आणि घराचा कारभार दिराकडं, आप्पासाहेबांकडं आला. आप्पासाहेब माणूस वाईट नाही, पण लोक काय म्हणतील याचं भूत त्यांच्या मानेवर कायम बसलेलं. त्यांनी एक दिवस बनुबाईला सांगितलं, "वहिनी, पांढऱ्या कपाळाच्या बाईनं गावोगाव फिरनं शोभत न्हाई. लोक मला इचारत्यात. गावानं चारचौघांत म्हनावं, की तुमचं काम हाय आन चांगलं काम हाय. मग मी तोंड उघडनार न्हाई. न्हाईतर नगरच्या सामन्याला तुमी जायाचं न्हाई."

नगरचे जिल्ह्याचे सामने फेब्रुवारीत होते. बनुबाई गेली नाही तर एकही बाप पोरगी पाठवणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. संघ मोडला असता. आणि बनुबाई पुन्हा चुलीपुढं बसली असती, ती मरेपर्यंत.

तिनं हे मला नदीवर धुणं धुताना सांगितलं. "चांगुणा, मला शालबिल काय नको. पर एकदा माईकवर सांगा म्हनावं, की ही बाई आमची हाय, आमीच तिला धाडतो. त्याबिगर माझी सुटका न्हाई."

मी घरी येऊन मास्तरांच्या मागं लागले. मंडळाला दहा वर्षं होत होती, बहात्तरच्या सव्वीस जानेवारीला समारंभ ठरलेला होता, साखर कारखान्याचे एक संचालक पाहुणे म्हणून सपत्नीक यायचे होते. जुन्या कार्यकर्त्यांचे सत्कार व्हायचेच होते. मास्तर म्हणाले, "अगं, तू सांगायच्या आधीच तिचं नाव माझ्या मनात होतं." मी निर्धास्त झाले.

मग आमच्या ओसरीवर मंडळाची बैठक बसली. अध्यक्ष काकासाहेब, गावातले मोठे बागायतदार, लोडाला टेकून बसलेले. मी आत चहा टाकत होते, पण कान बाहेरच होते. पुरुषांचं चुटकीसरशी ठरलं. बायकांची ओटी भरायची, खण-नारळ द्यायचा, संचालकांच्या मंडळी भरतील. सत्काराच्या बायका दोन, एक मी आणि दुसरी बनुबाई. इथं गाडं अडलं.

"बनुबाईची ओटी कशी भरायची?" कुणीतरी विचारलं.

"मग शाल घाला."

"सायबांनी परक्या बाईच्या अंगावर शाल घालायची व्हय? आन त्यात ती अशी."

"हार?"

"छे, छे."

मला राहवेना. मी चहाचं ताट घेऊन दारात आले आणि म्हणाले, "शाल हातात द्या की. हातात द्यायची आन माईकवर नाव घ्यायचं. एवढ्यानं कुनाचं काय बिघडतंय?"

काकासाहेब अगदी मऊ आवाजात म्हणाले, "वहिनी, तुमचं खरं हाय. पर तुमची ओटी भरनार आन तिची न्हाई. पावन्यांफुडं तिलाच वाईट वाटंल. तिच्या जिवाला लागू नये म्हनून बोलतोय मी."

सगळ्यांनी माना डोलावल्या. जिवाला लागू नये म्हणे! हिला लग्नात मागं बसवायची ती तिच्या जिवाला लागू नये म्हणून, हळदीकुंकवाला बोलवायची नाही ती तिच्या जिवाला लागू नये म्हणून. या गावाला बनुबाईच्या जिवाची इतकी काळजी, की तिला जगूच द्यायची नाही. मी तोंड उघडणार तेवढ्यात मास्तर म्हणाले, "तू आत जा, आम्ही काहीतरी तोडगा काढतो."

तोडगा काय निघाला ते त्यांनी मला सांगितलं नाही. रोज विचारलं, रोज एकच उत्तर, "ठरलंय सगळं. तिचा मान राखला जाईल."

सव्वीस तारखेला शाळेपुढं मांडव घातला. झेंडावंदन झालं. संचालक आणि त्यांच्या मंडळी व्यासपीठावर बसल्या, झेंडूचे हार पडले. पुढच्या सतरंजीवर खो-खोच्या पोरी बसल्या, कारण सत्कारानंतर त्यांचा खेळ दाखवायचा होता. बनुबाई त्यांच्याबरोबर बसली होती. धुवट लुगडं, डोक्यावरून नीट पदर. बायडाच्या वेण्यांना तिनं लाल रिबिनी बांधल्या होत्या. तिच्या चेहऱ्याकडं बघून मलाच कसंतरी झालं. परीक्षेला बसलेल्या पोरीसारखी ती बसली होती.

सत्कार सुरू झाले. दोरीवाला पुन्हा झाला, गाडीवाला पुन्हा झाला. प्रत्येकाला फेटा बांधायला वेळ लागत होता. मग मास्तर माईकपुढं आले आणि त्यांच्या त्या शाळेतल्या आवाजात म्हणाले, "मुलींच्या संघाला ज्या घराची मोलाची साथ लाभली, त्या घरातील भगिनींच्या..."

बनुबाई उठायला लागली. गुडघ्यावर हात टेकून ती अर्धी उठली होती.

"...वतीनं, त्यांचे दीर श्रीयुत आप्पासाहेब यांचा आपण सत्कार करत आहोत."

बनुबाई खाली बसली. पदर सावरायलाच आपण उठलो होतो असं दाखवत तिनं पदर सावरला. मी ते पाहिलं. मास्तरांनी पाहिलं की नाही देव जाणे. नाव नाही, काम नाही, नुसती 'घरातील भगिनी'. आणि तीसुद्धा वतीनं.

आप्पासाहेब व्यासपीठावर गेले. गुलाबी फेटा बांधून घेतला. संचालकांनी स्वतः शाल घातली, हातात नारळ दिला. आप्पासाहेबांना दोन शब्द बोलण्याची विनंती झाली, ती त्यांनी आढेवेढे न घेता मान्य केली. म्हणाले, "बाईमानसाला मोकळीक द्याया छाती लागती. आमच्या घरानं ती दिली. आमी मागं सरलो न्हाई." लोकांनी टाळ्या वाजवल्या. ज्यानं नगरला जाऊ देणार नाही म्हणून पाय रोवले होते त्याच्या छातीचं कौतुक चाललं होतं! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"आता चिटणीसांच्या सौभाग्यवती, चांगुणाबाई."

मी वर गेले. ताटात हळदीकुंकू, तांदूळ, हिरवा खण आणि नारळ. संचालकांच्या मंडळी साध्या होत्या, हसतमुख होत्या, त्यांचा बिचारींचा काही दोष नव्हता. त्यांनी मला कुंकू लावलं आणि नारळ उचलला. आता मी पदर पुढं करायचा होता. मी केला नाही. माईक तोंडाजवळच होता.

"थांबा बाई," मी म्हणाले. "माझी ओटी नका भरू. माझ्या वतीनं आमच्या मास्तरांची भरा. ते काय, तिथं उभे हायेत. धोतराचा सोगा पसरायला सांगा त्यांना."

आधी बायकांच्या बाजूनं कुणीतरी फिसकन हसलं. मग पोरं हसली, मग म्हातारे. संचालकांच्या मंडळींनी नारळ तसाच हातात धरून तोंडाला पदर लावला. मास्तर कानापर्यंत लाल झाले.

काकासाहेब उठून म्हणाले, "वहिनी, चेष्टा पुरं आता. पावने हायेत."

"चेष्टा मी न्हाई केली," मी म्हणाले. आता मला कुणाची भीती राहिली नव्हती. "बनुबाईच्या वतीनं आप्पासाहेबांनी फेटा बांधून घेतला, तो चालला. मग माझ्या मास्तरांनी काय घोडं मारलंय? पोरींसंगं उंबऱ्यात कोन झोपलं? आप्पासाहेब झोपले?"

हसणं थांबलं. आणि त्या शांततेत बनुबाई उठली. ती व्यासपीठावर चढली नाही. खाली, आप्पासाहेबांच्या अगदी समोर येऊन उभी राहिली. तिचा आवाज मोठा नव्हता, पण मांडवात सगळीकडं ऐकू गेला.

"भावजी, फेटा शोभतो तुमाला. मान तुमी घेतला, माझं काय म्हननं न्हाई. आता नगरला पोरींसंगं बी तुमीच जा."

आप्पासाहेब गोंधळले. "म्हंजी?"

"म्हंजी जा. वेन्या घाला त्यांच्या. रातच्याला कुनी रडली तर जवळ घ्या. एखादीला अडचन आली तर ती बी तुमीच निस्तरा. कशी निस्तरायची ते मी सांगते, इथंच सांगू का लोकांत?"

आप्पासाहेबांच्या फेट्याखालून घाम निथळायला लागला. "वहिनी, आसं काय बोलता चारचौघांत?"

"चारचौघांतच बोलायचं ठरलं हुतं की आपलं."

मागून एका पोरीचा बाप उभा राहिला. "आप्पा जानार आसंल तर आमची पोरगी न्हाई यायची." दुसरा म्हणाला, "आमची बी न्हाई." तिसऱ्यानं तर पोरीला हाक मारून सतरंजीवरून उठायलाच सांगितलं. सगळा मांडव आप्पासाहेबांकडं बघत होता, आणि व्यासपीठावरून संचालकसुद्धा. काकासाहेब आप्पासाहेबांच्या कानाशी लागून काहीतरी कुजबुजले.

आप्पासाहेबांनी फेटा सावरला, घसा खाकरला. म्हणाले, "मी कवा न्हाई म्हनलो? जाऊ द्या की वहिनींना. माझी परवानगी हाय!"

आणि मग ज्या टाळ्या पडल्या! सबंध समारंभात तेवढ्या पडल्या नव्हत्या. मांडवाचे बांबू हलले. मला वाटलं, आता तरी या टाळ्या बनुबाईसाठी आहेत. मीसुद्धा टाळीसाठी हात उचलले. तेवढ्यात संचालक खुर्चीतून उठले, "वा! वा!" करत पुढं आले, स्वतःच्या गळ्यातला झेंडूचा हार काढला आणि आप्पासाहेबांच्या गळ्यात घातला. माईकवर म्हणाले, "अशी उदार मनाची माणसं घराघरांत आहेत, म्हणूनच आपल्या खेड्यांतल्या मुली पुढं येत आहेत." आप्पासाहेबांनी हात जोडून सगळीकडं वळून नमस्कार केला. टाळ्या पुन्हा पडल्या. वाजवणाऱ्यांत आमचे मास्तर होते.

बनुबाईनं टाळी वाजवली नाही, रडलीही नाही. ती पोरींकडं वळून म्हणाली, "चला, उठा, रांग धरा." आणि मैदानाकडं निघून गेली. पोरी त्या दिवशी अशा खेळल्या की बघणाऱ्याला पापणी लववता येत नव्हती.

घरी आल्यावर मास्तर म्हणाले, "माझी शोभा केलीस ते केलीस. पण झालं ना तुझ्या मनासारखं? परवानगी मिळाली तिला."

मी म्हणाले, "मास्तर, परवानगी मागायला लागू नये म्हनून तर सत्कार करायचा हुता."

आप्पासाहेबांना मिळालेल्या नारळाची चटणी त्या संध्याकाळी बनुबाईनंच वाटली, हे मला बायडाकडून कळलं.

नगरला संघ गेला, बनुबाई गेली, पोरी जिंकून आल्या. त्या विजयाचं खरं बक्षीस पुढं होतं, पुण्याला विभागाच्या सामन्यांना जायचं. मी बनुबाईला विचारलं, तयारी झाली का? ती म्हणाली, "भावजींना इचारायचंय अजून."

मी तिच्याबरोबर गेले. आप्पासाहेब पडवीत बसले होते. मागं भिंतीवर खिळ्याला तो गुलाबी फेटा टांगलेला, बांधला होता तसाच, मोडू नये म्हणून. बनुबाई अंगणात उभी राहिली, पदर पुढं ओढून, खाली बघत. तिनं विचारलं.

आप्पासाहेब माझ्याकडं बघून हसले. म्हणाले, "आता मी न्हाई कसं म्हनंन, चांगुणाबाई? त्याच्यासाठी तर गावानं माझा सत्कार केलाय. जाऊ द्या वहिनींना." आणि थोडं थांबून, घरच्या कारभाऱ्याच्या सहजतेनं म्हणाले, "पर फुडच्या बारीला आधी इचारत जा, वहिनी. ऐनवेळी बरं न्हाई दिसत."

बनुबाई "व्हय" म्हणाली.